ऊन पाणी नको

हळदीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला डागांचं पहिलं शिक्षण हळदच देते. आमच्या कळमनुरीच्या आसपास संक्रांतीनंतर शेतातून हळद निघायला लागते. मग ती शिजते, खळ्यावर वाळते, ढोलात घासून निघते, आणि या सगळ्या उठाठेवीत घरातला एकही सदरा पिवळा झाल्यावाचून राहत नाही. हे धुणं घेऊन दगडावर बसलं आणि पिवळ्या डागाला साबण लावला की तो डाग क्षणात लालभडक होतो. हळद न पिकणाऱ्या भागातून आलेली नवी सून हे पहिल्यांदा बघते तेव्हा हातातला साबण खाली ठेवून स्वतःची बोटं तपासते. कुठं कापलं की काय! कापलेलं काही नसतं. हळदीतल्या कर्क्युमिनला क्षार भेटला की ते लाल होतं, एवढंच. आणि साबण हा क्षारधर्मीच. याच गुणावर आपलं जुनं, खरं कुंकू उभं आहे. हळकुंडाला चुना, टाकणखार, लिंबू यांची संगत दिली की पिवळ्याचं लाल होतं. कपाळावर मिरवतो तो रंगही एका अर्थी धुण्याच्या दगडावरचाच.

हळदीच्या डागाचं औषध ऊन. साबणाने जे साधत नाही ते दोरीवरच्या दोन-चार दुपारी साधतात, कारण कर्क्युमिन उजेडात विरतं. रक्ताचा स्वभाव अगदी उलटा. न धुता उन्हात टाकलं तर ते वाळून, काळवंडून धाग्याला चिकटतं आणि मग वर्षभर उन्हाळे दाखवले तरी हलत नाही.

गंमत अशी, की आमच्याकडे हे दोन्ही डाग पुष्कळदा एकाच फडक्यावर येतात. विळा लागला, खुरपं लागलं की पहिला उपाय म्हणजे चिमूटभर हळद दाबायची आणि वर धोतराची नाहीतर लुगड्याची चिंधी बांधायची. ती चिंधी सोडली की पिवळं आणि लाल कालवलेलं. आता आधी ऊन दाखवावं तर रक्त बसतं, आधी साबण लावावा तर हळद लाल होऊन रक्त किती आणि हळद किती हेच कळत नाही. क्रम असा: आधी गार पाणी, रक्त सुटेपर्यंत. मग साबण. मग ऊन. हा क्रम मला कुठल्या पुस्तकाने सांगितला नाही. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आजीने सांगितला आणि तोही अर्धाच. "ऊन पाणी नको गं, डाग बसतोय," एवढं एक वाक्य. का बसतो, हे तिला विचारलं तर म्हणायची, "बसतोय म्हणजे बसतोय. शास्तर हाय."

शास्त्र होतंच. रक्तातली प्रथिनं ताजी असताना पाण्यात विरघळलेली असतात, त्यामुळे गार पाण्याबरोबर ती निघूनही जातात. त्यांना उष्णता लागली की उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात, आणि थिजताना सुताच्या पिळात हातपाय पसरून बसतात. वेळही उष्णतेचंच काम करतो, जरा सावकाश. हिमोग्लोबिनमधल्या लोहावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन त्याचं मेथहिमोग्लोबिन होतं. लाल जाऊन तपकिरी येतं ते यामुळे. तासाभराचा डाग नुसत्या पाण्याने जातो. रात्र उलटली की मीठ, साबण, भिजवण लागतं. आठवडा गेला की वाद घालावा लागतो.

आजीच्या हाताकडे बघितलं असतं तर कुणालाही हे धुणं शिकता आलं असतं. डाग पडलेला भाग ती आधी उलटा करायची. धार डागाच्या पाठीवर सोडायची, म्हणजे रक्त ज्या वाटेने कापडात शिरलं त्याच वाटेने बाहेर पडावं. डागाच्या तोंडावर पाणी मारलं तर ते रक्ताला आणखी आत ढकलतं. सुरुवातीला चोळायचं नाही. दोन तळव्यांत दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पाण्याचा रंग गुलाबी, मग फिक्या चहासारखा, मग नुसता गढूळ होत जाई. मग मुठीतलं जाडं मीठ भुरभुरवून ती कापड तसंच ठेवून द्यायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. साबण नव्हता त्या दिवसांत चुलीची राख होती. राखेच्या निवळीतला खार प्रथिनांना फुगवतो आणि सैल करतो, त्यामुळे राखही अडाणी उपाय नव्हता. बडवणं, आपटणं हे सगळ्यात शेवटी. घाईची माणसं तिथूनच सुरुवात करतात.

हल्लीच्या पावडरींच्या पुड्यावर एन्झाइमचा उल्लेख असतो. त्याची सुरुवात १९१३ साली जर्मनीत ओट्टो र्‍योम यांनी केली. जनावरांच्या स्वादुपिंडातला प्रथिनं पचवणारा रस त्यांनी धुण्याच्या पावडरीत घातला. पुढे १९६० च्या दशकात जिवाणूंपासून असे एन्झाइम काढता येऊ लागले आणि पावडरी स्वस्त झाल्या. म्हणजे आता कपड्यावरचं रक्त आपण अक्षरशः पचवून काढतो. पण जो एन्झाइम रक्ताचं प्रथिन खातो त्याला रेशमाचं प्रथिन परकं वाटत नाही, लोकरीचंही नाही. पैठणीच्या काठाला सुई टोचल्या बोटाचं रक्त लागलं तर पावडरीचा डबा फळीवरच राहू द्यावा. तिथं गार पाणी, स्वच्छ सुती फडकं आणि संयम. फार तर थुंकी. गोधडी शिवणाऱ्या बाया बोट टोचलं की तोंडात धरतात आणि टाक्यावर पडलेला थेंब त्याच ओल्या बोटाने टिपतात. त्या थेंबाला तेवढं पुरतं. थुंकीला हसू नये. जुन्या चित्रांवरचा मळ थुंकीने किती नीट निघतो यावर पोर्तुगालमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये निबंध लिहिला होता, आणि २०१८ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं म्हणतात. आमच्याकडच्या गोधडीवाल्या बाया हसण्याचा भाग वगळून थेट कामाला लागल्या होत्या.

पांढऱ्या कापडावर जुना डाग असेल तर मेडिकलवर मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बरं. तेनार नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने ते १८१८ मध्ये शोधलं. रक्ताला लागताच ते फसफसतं, कारण रक्तातला कॅटलेज नावाचा एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. तो ऑक्सिजन रंग खातो. तीन टक्क्यांपेक्षा तेज असेल तर पाणी घालावं, आणि रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीला लावून बघावं. नाहीतर डागाबरोबर फुलंही जातात.

इथपर्यंतचं सगळं सोपं आहे. एका परिच्छेदात मावतं, कुणालाही सांगता येतं. अवघड आहे ते गार पाणी.

कळमनुरीचा मे महिना ज्याने काढलाय त्याला हे सांगायला नको. गच्चीवरची काळी टाकी सकाळी दहालाच तापते आणि दुपारी नळ सोडला तर हाताला चटका बसतो. पैनगंगेवरचं इसापूर धरण जवळ आहे, पण जवळ असणं आणि नळाला असणं यात आमच्याकडे मोठं अंतर पडतं. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, नुसती पांढरी साय धरते. अशा दिवसांत घरात खऱ्या अर्थाने गार पाणी एकाच ठिकाणी असतं. माठात.

आणि त्या चार दिवसांत माठाला हात लावायचा नाही.

माझी आत्या आमच्याच घरात वाढली. तेव्हा कळमनुरी परभणी जिल्ह्यात होती. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. घर माळवदाचं. कावळा शिवला की आत्या पडवीच्या कोपऱ्यात. तिची बाज, तिचं ताट वेगळं, पाणी वरून ओंजळीत. ज्या आजीने "ऊन पाणी नको" शिकवलं तिचाच हा नियम. म्हणजे डाग गार पाण्याने जातो हेही तिनेच सांगायचं, आणि गार पाण्यापासून लांब बस हेही तिनेच. दोन्ही शिकवणी एकाच तोंडून, एकाच मायेने आलेल्या; आजीला त्यात विसंगती वाटली असेल असं मला कधी दिसलं नाही. आत्याला पाणी हवं असेल तर कुणाला तरी मागावं लागे. मागितलं की कशाला, हे कळलंच. म्हणून ती मागायची नाही.

तिने काढलेली वाट पहाटेची होती. घर उठायच्या आत न्हाणीतल्या दगडी हौदावर जायचं, अंधारात धुवायचं. अंधार लाजेसाठी. पण रात्रभर निवलेलं हौदाचं पाणी त्या वेळी दिवसातलं सगळ्यात गार असतं, त्यामुळे तिची कापडं घरातल्या इतर कुणाहीपेक्षा स्वच्छ निघत. लाजेने रसायनशास्त्राला मदत केल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

पुढे मात्र लाज आडवी आली. धुतलेलं कापड वाळवायचं कुठं? माळवदावर ऊन नुसतं सांडलेलं असायचं. तिथं कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, हळकुंडं सगळ्यांना जागा होती. आत्याची कापडं मात्र गोठ्यामागे, कडब्याच्या आडोशाला, नाहीतर न्हाणीतल्या दोरीवर परकराच्या खाली. परकर वाळे, खालचं कापड दमटच राही. त्यात भीती घातलेली, की ते कापड सापाने ओलांडलं तर कूस उजवत नाही. कडब्यात साप असतोच, म्हणून मग तिथूनही कापड उचलून पेटीत, ओलं असतानाच. नीट धुवून कडक उन्हात वाळवलेल्या सुती कापडात वाईट काही नाही. घडी करून अंधारात ठेवलेल्या दमट कापडाला कुबट वास येतो, त्याने खाज सुटते, पुरळ येतं, आणि हे दुखणं दाखवायलाही पुन्हा लाज. आत्याला ते सगळं झालं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा बाहेर पुरुषमाणूस बसलेला होता म्हणून तिने पोट दुखतं एवढंच सांगितलं, आणि पोटाच्या गोळ्या घेऊन घरी आली.

रक्ताच्या डागाला तीन गोष्टी लागतात: लगेच धुणं, गार पाणी आणि शेवटी ऊन. पाळीच्या डागाला नेमक्या याच तिन्ही मिळत नाहीत. आणि घरात जे रक्त धुतलं जातं त्यातलं बहुतेक तर हेच असतं. भावाचा गुडघा क्रिकेटमध्ये फुटला की त्याची पॅन्ट अंगणातल्या नळावर, भर दिवसा, चार जणांना कॅच कसा घेतला ते सांगत धुतली जायची. माठातलं पाणीही चालायचं तिला. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी फाटलेल्या नखांचं रक्त, बाळंतपणाचं, नाक फुटलेल्या लेकराचं. प्रत्येकाला घरात वेगवेगळी वागणूक. रक्त तपासून कुणी सांगावं की यातलं पवित्र कुठलं!

हा प्रश्न नवा नाही. संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून मान असलेलं नर्सी आमच्या जिल्ह्यातलं. नामदेवांच्याच काळातल्या, चोखोबांच्या घरच्या सोयराबाईंनी देहाच्या विटाळाबद्दल अभंगातून उघड प्रश्न केला, आणि तोही ज्यांना जन्मभर शिवू दिलं नाही त्यांच्या घरातून केला. वारकऱ्यांच्या भजनात तो आजही म्हटला जातो. भजन संपतं, बाया घरी जातात आणि कोपऱ्यात बसतात. ऐकण्याची सवय झालेला प्रश्न टोचत नाही, हे त्याचं दुर्दैव.

आमच्या शाळेचा गणवेश पांढऱ्या सलवारचा होता. तो ठरवणाऱ्या समितीत कोण बसलं असेल याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही. वर्गातून उठताना मैत्रिणीला डोळ्याने खूण करायची, "मागं बघ गं." ती दोन पावलं मागे राहून चालायची, बघायची आणि मान हलवायची. नसेल तर जीव भांड्यात. असेल तर ओढणी खाली ओढून, दप्तर पाठीवरून कमरेवर घेऊन, भिंतीकडे पाठ करत घर गाठायचं. तोवर डागाचे दोन-तीन तास झालेले. शाळेच्या नळाला पाणी असतं तर तो पाच मिनिटांचा होता.

आता पॅड आले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये १५ ते २४ वयाच्या ६२ टक्के मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना काढून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी जुलैत केंद्राने पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही उठवला. चांगलं झालं. पण निम्म्या मुलींचं कापड अजून आहेच, आणि पॅडवालीची चादरही कधीतरी भरतेच. टीव्हीवर मात्र पॅडच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं निळं पाणी ओतत. शाळेत शाईच्या दौती सांडायच्या तो रंग. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत चिखल, चटणी, आंब्याचा रस सगळं येतं; लेकरू लोळतं, आई हसते. जे धुणं बाया सर्वांत जास्त करतात ते मला त्यात कधी दिसलं नाही.

परटाकडे गावाचं सगळं धुणं जायचं तेव्हाही ही कापडं घरातच राहायची. परीट प्रत्येक घराच्या कपड्यावर बिब्ब्याची खूण घालायचा. बिब्ब्याचा रस सुतावर एकदा काळा पडला की राख, साबण, ऊन कशालाच दाद देत नाही. जुन्या काळी पोलिस त्या खुणेवरून कपड्याचा मालक शोधत. म्हणजे न जाणारा डागही माणसाने मुद्दाम शोधून ठेवलेला आहे, कामाचा म्हणून.

पोलिसांवरून आठवलं. एक प्रसंग असा आहे जिथं आजीची सगळी शिकवण बाजूला ठेवावी लागते, आणि तो प्रत्येक मुलीला सांगायला हवा. बाईवर अत्याचार झाला की घरचं पहिलं पाऊल असतं तिला न्हाऊ घालायचं आणि कपडे धुवायचे. लहानपणापासून अंगात मुरवलेलं, की डाग दिसला की धू. कायद्याला मात्र तो डाग हवा असतो. कपडे धुवायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत वाळू द्यायचे आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घालायचा. प्लास्टिक नको, त्यात दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि पुरावा सडतो. धुतलेल्या कपड्यातही रक्ताचा अंश ल्युमिनॉलसारख्या रसायनाने पुष्कळदा उजळून दिसतो. पण ऑक्सिजन सोडणाऱ्या पावडरीत धुतलं तर ती चाचणीही हुकते, असं स्पेनमधल्या वॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. धुण्यात हुशार घर पुराव्यात नापास.

जपलेला डाग देशाच्याही कपाटात आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या अंगावर जे होतं त्यातलं रक्ताळलेलं वस्त्र मदुराईच्या गांधी संग्रहालयात काचेआड आहे. ते बघायला माणसं रांग लावतात, पायातलं काढून उभी राहतात. तिथं तापमान, उजेड, दमटपणा सांभाळायचा तो डाग जाऊ नये म्हणून.

आमच्या घरात आता फोन वाजतो. भाची नांदेडला खोली करून राहते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा भर दुपारी तिचा फोन, स्पीकरवर, मागे मैत्रिणीचं हसणं.

"मावशी, गादीला लागलंय. घरमालकीणबाई डिपॉझिट कापतील."

"कधी लागलं?"

"रात्री. सकाळी मी गरम पाणी ओतलं."

"ओतलंस? गादीवर?"

"मग काय करायचं असतं?"

मी सांगितलं. गादीवर पाणी ओतायचं नसतं, ते कापसात उतरतं आणि डाग तळापर्यंत नेतं. माठातल्या पाण्यात फडकं पिळून घे, कडेकडून मध्याकडे टीप, उलटं नको, नाहीतर डाग पसरतो. मीठ आणि थोड्या पाण्याचा घट्ट लगदा करून थाप, वाळला की झाड. राहिलं तर मेडिकलवरून पेरॉक्साइड आण, कापसाच्या बोळ्याने लाव, फसफसलं की टीप. परत लाव.

संध्याकाळी पुन्हा फोन. लाल गेलं, पिवळी कडा राहिली होती आणि गादी आतून ओली होती.

"आता उन्हात टाक. उद्या सकाळीच गच्चीवर ने, चांगली दोन दिवस तापू दे."

"गच्चीवर? तिथं घरमालकांची पोरं क्रिकेट खेळतात मावशी. आणि गादी जड आहे, आमच्या दोघींनी जिना चढायची नाही."

"मग त्यांनाच सांग, एक टोक धरा म्हणावं."